वाचकांचे प्रश्न : डेव्हिड लीन यांची कात्री

गेल्या अंकात चित्रपटांच्या संकलनाविषयी लिहिताना ब्रिटिश दिग्दर्शक डेव्हिड लीन (१९०८–१९९१) यांचा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर बरीच पत्रे आली आणि त्यांतले बहुतेक प्रश्न लीन यांच्या एकूण कारकिर्दीविषयी होते, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून काही प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत एकाच आठवड्यात 'ब्रीफ एन्काउंटर' आणि 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हे दोन चित्रपट दाखवण्यात आले. पहिला दीड तासाहूनही लहान, कृष्णधवल आणि रेल्वे स्टेशनावरच्या उपाहारगृहात घडणारा. दुसरा पावणेचार तासांचा, उंटांचा आणि वाळवंटाचा. हे दोन्ही एकाच माणसाने केले असतील असे वाटत नाही. मोठा पैसा मिळाल्यावर लीन बदलले, असे म्हणावे का? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : असे अनेकांनी म्हटले आहे. 'पहिले लहान चित्रपट खरे, नंतरचे मोठे चित्रपट पोकळ' हे मत इंग्लंडमध्ये बराच काळ रूढ होते. मला ते मान्य नाही. का मान्य नाही हे सांगण्यासाठी दिग्दर्शक होण्यापूर्वीच्या लीन यांच्याकडे जावे लागेल.

लीन यांचा जन्म २५ मार्च १९०८ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडनचा. घराणे क्वेकर पंथाचे, आणि त्या घरात सिनेमा पाहणे निषिद्ध होते. घरकामाला येणारी एक बाई स्वयंपाकघरात चार्ली चॅप्लिनची नक्कल करून दाखवत असे, तीच या मुलाची चित्रपटाशी झालेली पहिली ओळख. दहाव्या वर्षी काकांनी त्याला एक साधा ब्राउनी कॅमेरा दिला. अभ्यासात गती नसलेल्या मुलाला वडिलांनी आपल्या हिशेबनिसाच्या पेढीत बसवले, पण तिथे त्याचे मन रमले नाही. १९२७ मध्ये तो लंडनच्या गॉमाँ स्टुडिओत दाखल झाला तो चहा देणारा आणि निरोप पोहोचवणारा पोऱ्या म्हणून. १९३० च्या सुमारास तो वृत्तपटांच्या संकलनाला बसला होता. वृत्तपटाच्या संकलकाला आठवड्याचे काम आठवड्यात संपवावे लागते, हाती आलेली फिल्म पुन्हा चित्रित करून मिळत नाही, आणि कुठला तुकडा कुठे तोडला असता प्रेक्षकाला न सांगताही कळेल, हे त्याला रोज ठरवावे लागते. या शिस्तीत लीन यांची पुढची दहा-बारा वर्षे गेली.

या काळात त्यांनी संकलित केलेला १९३८ चा 'पिग्मॅलियन' हा चित्रपट मराठी रसिकांना आवर्जून सांगण्यासारखा आहे, कारण बर्नार्ड शॉ यांच्या ज्या नाटकावर तो बेतला होता, त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' लिहिले. 'ती फुलराणी'मधली मंजुळा ज्यांच्या मनात घर करून आहे, त्यांनी पडद्यावरच्या एलायझाचे उच्चारशिक्षणाचे प्रसंग जरूर पाहावेत. महिनोन्‌महिन्यांचे पाठांतर मिनिटा-दोन मिनिटांत कसे उभे राहते, ते तिथे दिसते.

१९४२ मध्ये नाटककार नोएल कॉवर्ड यांच्या 'इन विच वी सर्व्ह' या युद्धपटाचे सहदिग्दर्शन लीन यांच्याकडे आले आणि पुढचे तीन चित्रपटही कॉवर्ड यांच्याच नाटकांवर झाले. त्यांतला शेवटचा १९४५ चा 'ब्रीफ एन्काउंटर'. लॉरा ही विवाहित मध्यमवर्गीय बाई आणि अॅलेक हा विवाहित डॉक्टर दर गुरुवारी स्टेशनावर भेटतात, एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि काहीही न घडता वेगळे होतात. आपण चित्रपटाचा आरंभ आठवून पाहावा. उपाहारगृहाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी एक जोडपे बसले आहे, इतक्यात लॉराच्या ओळखीची एक बडबडी बाई येऊन त्यांच्यात बसते, थोड्या वेळाने गाडीची वेळ होते, पुरुष उठतो, जाता जाता लॉराच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि निघून जातो. आपल्याला त्यात विशेष काही वाटत नाही. तासाभराने, चित्रपटाच्या शेवटी, हाच प्रसंग पुन्हा येतो. आता आपल्याला ठाऊक असते की ही त्यांची आयुष्यातली शेवटची भेट आहे, निरोपाचा एक शब्दही त्या बाईमुळे त्यांना बोलता आलेला नाही, आणि खांद्यावरचा तो हात हाच त्यांचा संपूर्ण निरोप आहे. प्रसंग तोच आहे. फक्त तो कुठे आणि दुसऱ्यांदा कोणाच्या बाजूने ठेवायचा, हे संकलनाच्या टेबलावर बसलेल्या माणसाने ठरवले आहे.

आता 'लॉरेन्स'मधील विहिरीचे दृश्य घ्यावे. वाळवंटात विहिरीकाठी लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या पाणी पीत आहेत. दूर क्षितिजावर मृगजळात एक काळा ठिपका थरथरतो. तो ठिपका हळूहळू उंटस्वाराचा आकार घेतो. या दृश्यासाठी छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी ४५० मिलिमीटरहून अधिक लांबीचे भिंग वापरले होते. संगीत नाही, संवाद जवळजवळ नाहीत. वाटाडा घाबरून पिस्तूल काढतो आणि त्याच क्षणी गोळी लागून पडतो. ओमर शरीफ यांचा हा प्रवेश पाहताना आपण वाट पाहत असतो, आणि वाट पाहायला लावणे हीच त्या दृश्याची सारी सामग्री आहे. हे दृश्य मुळात याहून लांब होते आणि आपण धीर सोडून ते कापले, अशी खंत लीन यांनी पुढे बोलून दाखवली होती.

स्टेशनावरचा हात आणि वाळवंटातला ठिपका यांत मला एकच माणूस दिसतो. दोन्ही ठिकाणी महत्त्वाची गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही. ती किती वेळ दाखवायची आणि कुठे तोडायची, यावरून ती कळते. मध्यंतरी डिकन्सच्या कादंबऱ्यांवरचे 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१९४६) आणि 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८) हे दोन, आणि १९५५ मध्ये व्हेनिसमध्ये कॅथरिन हेपबर्न यांना घेऊन केलेला 'समरटाइम' येतो. यांतल्या शेवटच्या चित्रपटानंतर ते परदेशी जागांच्या प्रेमात पडले आणि इंग्लंडच्या स्टुडिओत फारसे परतलेच नाहीत. पट मोठा झाला हे खरे, पण त्याखालचा हात बदलला नाही.

प्रश्न : 'लॉरेन्स'मध्ये नायक काडी फुंकून विझवतो आणि लगेच वाळवंटातला सूर्योदय दिसतो. हा जगप्रसिद्ध 'कट' लीन यांचा की संकलकाचा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दोघांचा, आणि श्रेय वाटून देणेच न्याय्य ठरेल. संकलक होत्या अॅन कोट्स. पटकथेत या ठिकाणी एका दृश्यातून दुसरे दृश्य हळूहळू उमलावे, म्हणजे 'डिझॉल्व्ह' व्हावे, असे योजले होते. पण कच्च्या प्रतीत तो डिझॉल्व्ह अजून बनवलेला नसल्यामुळे दोन तुकडे नुसतेच जोडलेले होते. कोट्स यांच्याच सांगण्यानुसार, ते पाहताना दोघांनाही हा थेट जोड अधिक प्रभावी वाटला. लीन म्हणाले की तो जवळजवळ परिपूर्ण आहे, पूर्ण परिपूर्ण करून आणा. कोट्स यांनी त्यातून दोन फ्रेम काढल्या. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात, म्हणजे त्यांनी काढले ते सेकंदाचा बारावा भाग. कोट्स यांना या चित्रपटाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळाले, आणि ते त्या दोन फ्रेमचेही होते असे मला वाटते.

प्रश्न : 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेचे ऑस्कर एका फ्रेंच लेखकाला मिळाले, पण त्यांना इंग्रजी येत नव्हते असे वाचले. हे खरे आहे का? – एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : खरे आहे. १९५७ च्या या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली आणि त्यांत पटकथेचे पारितोषिक मूळ कादंबरीकार पियेर बूल यांच्या नावे होते, कारण श्रेयनामावलीतही त्यांचेच नाव होते. प्रत्यक्षात पटकथा कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांनी लिहिली होती. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडने त्या काळी ज्या लेखकांना काळ्या यादीत टाकले होते, त्यांत हे दोघे असल्याने त्यांची नावे पडद्यावर येऊ शकली नाहीत. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने १९८४ मध्ये ही चूक दुरुस्त केली, तेव्हा दोघांपैकी कोणीच हयात नव्हते. त्यांच्या कुटुंबीयांना पारितोषिक मिळाले, परंतु लेखकाच्या हातात ते कधी पडलेच नाही, ही गोष्ट अजूनही मनाला लागते.

दुसऱ्या एका वाचकांनी पुलाविषयी विचारले आहे. तो पूल थायलंडमध्ये नव्हे, तर आजच्या श्रीलंकेतील किटुलगला येथे केळणी नदीवर लाकडात बांधला होता आणि आगगाडीसह खरोखरच उडवून दिला होता. उडवण्याच्या पहिल्या प्रयत्नाच्या वेळी एक कॅमेरामन सुरक्षित जागी पोहोचल्याची खूण मिळाली नाही, म्हणून लीन यांनी स्फोट थांबवला. गाडी पलीकडे जाऊन आदळली आणि दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी हे दृश्य घ्यावे लागले. एवढी सारी तयारी एका माणसासाठी थांबवली, ही गोष्ट लीन यांना निव्वळ हट्टी म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

प्रश्न : 'रायन्स डॉटर' (१९७०) नंतर चौदा वर्षे लीन यांनी एकही कथापट केला नाही. ते टीकेने खचले असे म्हणतात. एवढा मोठा माणूस टीकेने खचू शकतो का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : खचू शकतो, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. 'रायन्स डॉटर' आयर्लंडच्या डिंगल द्वीपकल्पावर, वर्षाहून अधिक काळ तिथे मुक्काम ठोकून चित्रित झाला. त्यासाठी दगडी घरांचे एक संपूर्ण गाव उभारले होते. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर न्यूयॉर्कच्या अल्गॉन्क्विन हॉटेलात तेथील समीक्षकांच्या संघटनेने लीन यांना बोलावले. जेवणासाठी निमंत्रण असावे असे त्यांना वाटले; प्रत्यक्षात तिथे दोन तास त्यांची झाडाझडती झाली. 'ब्रीफ एन्काउंटर' करणारा माणूस असला चित्रपट कसा करतो, अशा शब्दांत त्यांना तोंडावर विचारले गेले. लीन यांनी पुढे अनेकदा सांगितले की त्या दिवसानंतर आपला स्वतःवरचा विश्वासच उडाला.

चित्रपटाविषयी माझे मत विचाराल तर त्या समीक्षकांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. एका खेड्यातल्या विवाहितेच्या प्रेमाची साधी गोष्ट तीन तासांहून अधिक ताणली आहे आणि समुद्राचे भव्य वादळ त्या गोष्टीपेक्षा मोठे होऊन बसले आहे. तरीही, चाळीस वर्षे हे काम करणाऱ्या माणसाला समोर बसवून असे बोलणे मला चित्रपटसमीक्षेत बसणारे वाटत नाही. समीक्षा लिहावी, कठोर लिहावी, पण माणसाला जेवायला बोलावून त्याची उलटतपासणी घेऊ नये.

मात्र ही चौदा वर्षे निव्वळ रुसव्याची होती, असेही नाही. या काळात त्यांनी आणि पटकथाकार रॉबर्ट बोल्ट यांनी 'बाउंटी' या जहाजावरील बंडावर दोन चित्रपटांची योजना आखून तिच्यावर कित्येक वर्षे काम केले. पैशाची जुळवाजुळव झाली नाही, १९७९ मध्ये बोल्ट यांना पक्षाघाताचा झटका आला, आणि अखेरीस तो विषय १९८४ मध्ये दुसऱ्याच दिग्दर्शकाच्या हातून पडद्यावर आला. तोवर लीन यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती.

प्रश्न : लीन यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४) मध्ये प्राध्यापक गोडबोले हे पात्र आहे. आडनावावरून ते आपल्याकडचे वाटतात, परंतु ती भूमिका अॅलेक गिनेस या इंग्रज नटाने चेहऱ्याला रंग लावून केली आहे. एवढ्या जाणकार दिग्दर्शकाला भारतात एक गोडबोले मिळू नयेत, याचे वाईट वाटते. – एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : आपल्याला वाईट वाटले ते योग्यच आहे. गोडबोले हे पात्र आपल्याकडचेच आहे, आणि कसे ते थोडे सविस्तर सांगतो.

ई. एम. फॉर्स्टर यांची मूळ कादंबरी १९२४ ची. त्यात गोडबोले यांना स्पष्टपणे दक्षिणी, म्हणजे दख्खनी ब्राह्मण म्हटले आहे. फॉर्स्टर १९२१ मध्ये काही महिने देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस होते. तिथल्या मराठी राजवाड्यात गोकुळाष्टमीचा जो उत्सव त्यांनी पाहिला, त्याच्यावरच कादंबरीचा तिसरा भाग उभा आहे. त्या भागात गोडबोले देवळात भजन करतात आणि ते भजन तुकोबांचे आहे. तुकारामा, तूच माझा पिता, तूच माता, तूच सर्व काही, या अर्थाच्या ओळी कादंबरीत इंग्रजीत आल्या आहेत. भजनाच्या तंद्रीत गोडबोल्यांना कधी तरी भेटलेली एक वृद्ध इंग्रज बाई आठवते, मग एका दगडावर बसलेली गांधीलमाशी आठवते, आणि या दोघींना ते आपल्या भक्तीत सामावून घेतात. एका इंग्रज लेखकाने वारकरी भावाच्या इतके जवळ जाणे मला आजही आश्चर्याचे वाटते.

चित्रपटात हे जवळजवळ काहीच उरलेले नाही. गिनेस यांनी गोडबोल्यांचे एक नृत्य बसवून घेतले होते आणि ते चित्रित झाले होते, पण संकलनात लीन यांनी ते काढून टाकले. गिनेस फार दुखावले. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'पासून सहा चित्रपटांत एकत्र काम केलेल्या या दोघांच्या मैत्रीत तेव्हा कडवटपणा आला. या चित्रपटात 'दिग्दर्शन आणि संकलन : डेव्हिड लीन' अशी पाटी आहे, म्हणजे कात्री कोणाच्या हातात होती याबद्दल शंका नाही. लीन यांची कात्री माझ्या मते आयुष्यात फार थोड्या वेळा चुकली, आणि कादंबरीतले भजन बाजूला ठेवले ही त्यांतली सर्वांत मोठी चूक. तो भाग गेला आणि गोडबोले हे डोळे मिटून गूढ बोलणारे, थोडेसे हास्यास्पद गृहस्थ उरले.

नटाच्या निवडीविषयी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. याच चित्रपटात डॉ. अझीझची भूमिका व्हिक्टर बॅनर्जी यांनी केली आहे, सईद जाफरी आणि रोशन सेठ आहेत, आणि तिघेही उत्तम आहेत. त्याआधी दोनच वर्षे रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'त पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी कस्तुरबा साकारून ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळवला होता. म्हणजे भारतीय रंगभूमीवर किती ताकदीचे नट आहेत हे लंडनला कळलेले होते. लीन यांचा गिनेस यांच्यावर विश्वास होता आणि 'लॉरेन्स'मध्ये त्यांनी गिनेस यांनाच अरबांचा राजपुत्र फैजल केले होते, पण १९६२ मध्ये जे खपले ते १९८४ मध्येही खपायला हवे होते असे नाही. (ता. क. 'लॉरेन्स'मध्ये गासिमच्या लहान पण विसरता न येणाऱ्या भूमिकेत आपले आय. एस. जोहर आहेत.)

एवढे बोलल्यावर हेही सांगितले पाहिजे की लीन यांचे भारताशी नाते हौशी पाहुण्याचे नव्हते. १९५८ च्या सुमारास त्यांनी महात्मा गांधींवरील चित्रपटाची तयारी सुरू केली होती आणि त्यासाठी ते भारतात हिंडले होते. ती बाजूला पडली आणि 'लॉरेन्स' आला. 'पॅसेज'चे चित्रीकरण प्रामुख्याने बंगळूर आणि भोवतालच्या टेकड्यांत झाले. कादंबरीतील गुहा बिहारमधल्या बराबरच्या लेण्यांवरून सुचलेल्या असल्या तरी पडद्यावर दिसतो तो कर्नाटकातला सावनदुर्गाचा प्रचंड कातळ. गुहेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, कथेतल्या अडेला या इंग्रज मुलीच्या मनात काय चालले आहे, हे लीन सांगत नाहीत. ते तिला कातळापुढे ठिपक्याएवढी करतात आणि थांबतात. चित्रपटाला अकरा ऑस्कर नामांकने मिळाली आणि त्यांतली दोन पारितोषिके हाती आली : मिसेस मूर या वृद्ध इंग्रज बाईची भूमिका करणाऱ्या पेगी अॅशक्रॉफ्ट यांना आणि संगीतकार मॉरिस जार यांना.

प्रश्न : 'लॉरेन्स' मोबाइलवर पाहणे योग्य आहे का? आणि आज जी प्रत मिळते ती मूळचीच आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर : नाही. विहिरीच्या दृश्यातला ठिपका मोबाइलवर दिसतच नाही, आणि तो न दिसल्यास दृश्यच राहत नाही. मोठा पडदा मिळेपर्यंत मोबाइलवर 'ब्रीफ एन्काउंटर' खुशाल पाहावा. त्यातले चेहरे लहान पडद्यावरही टिकतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे. १९६२ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट २२२ मिनिटांचा होता. चित्रपटगृहांच्या सोयीसाठी तो प्रथम काही महिन्यांतच आणि नंतर पुनःप्रदर्शनाच्या वेळी पुन्हा कापला गेला आणि एकूण सुमारे ३५ मिनिटे गेली. जुन्या चित्रपटांच्या प्रती दुरुस्त करणारे रॉबर्ट हॅरिस यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस डब्यांतून ते तुकडे शोधून काढले, तेव्हा काही दृश्यांची चित्रे सापडली पण आवाज सापडले नाहीत. मग पीटर ओटूल, अॅलेक गिनेस, अँथनी क्विन आणि आर्थर केनेडी यांना पुन्हा ध्वनिमुद्रणाला बोलावण्यात आले. याच चित्रपटातले नट जॅक हॉकिन्स तोवर निवर्तले होते, त्यांच्या जागी चार्ल्स ग्रे या नटाने आवाज दिला. तिशीच्या आसपासच्या लॉरेन्सच्या तोंडी पन्नाशी ओलांडलेल्या ओटूल यांचा आवाज बसवताना वयाचे अंतर झाकावे लागले, आणि ते इतके बेमालूम झाले आहे की कोणते वाक्य नंतरचे, हे सांगितल्याशिवाय ओळखता येत नाही.

ऐंशी वर्षांचे लीन या कामासाठी स्वतः येऊन बसले. सगळे तुकडे परत मिळाल्यावर त्यांनी ते जसेच्या तसे जोडू दिले नाहीत; १९६२ मध्ये घाईत राहून गेलेल्या काही जागा त्यांनी आणखी आवळल्या. १९८९ मध्ये प्रदर्शित झालेली ती प्रत हीच आजची प्रमाण प्रत आहे. त्यानंतर ते जोसेफ कॉनराडच्या 'नोस्ट्रोमो'च्या तयारीला लागले, पण चित्रीकरण सुरू होण्यापूर्वीच, १६ एप्रिल १९९१ रोजी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.